पुरळ आलं म्हणजे औषध लागलं?

मोठ्या आतड्याचा कर्करोग शरीरात पसरला की काही रुग्णांना सेटक्सिमॅब देतात. मग चेहऱ्यावर, छातीवर मुरुमांसारखं पुरळ उठतं. 'पुरळ आलं म्हणजे औषध लागलं' असं सर्रास म्हटलं जातं. आम्हाला हे विधान जसंच्या तसं मान्य नाही.

त्याचा आधार तपासू या. २००७ साली कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली ५७२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ, म्हणजे मध्यक, सेटक्सिमॅब गटात ६.१ महिने होता. केवळ त्रास कमी करणारे उपचार मिळालेल्या गटात ४.६. सेटक्सिमॅब गटातच ठळक पुरळ आलेल्यांचा मध्यक ८.४, अजिबात न आलेल्यांचा २.६.

फरक डोळ्यांत भरतो खरा. पण २.६ आणि ४.६ शेजारी ठेवून बघा. पुरळ न आलेले रुग्ण औषध न मिळालेल्यांच्याही आधी गेले! औषध नुसतं वाया गेलं असतं, तर ते निदान त्यांच्याइतके जगले असते. पुरळ यायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधीच जो खचला, त्याच्या नावापुढे 'पुरळ नाही' हेच लिहिलं जाणार. म्हणजे या आकड्यांत औषधाच्या गुणाबरोबर रुग्णाची मुळातली ताकदही मिसळली आहे, असं आमचं वाचन आहे.

दुसरं, गाठीतल्या केआरएएस जनुकात बदल असेल तर औषधाचा फायदा होत नाही, हे याच चाचणीतून २००८ साली दिसलं. पुरळ मात्र अशांनाही येतं, कारण त्यांच्या त्वचेत तो बदल नसतो.

मग डोस वाढवून पुरळ आणलं तर? एव्हरेस्ट चाचणीत हेही झालं. नेहमीच्या डोसवर १६ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, वाढीव डोसवर ३० टक्के. पण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

हा काथ्याकूट कशासाठी? पुरळ गेलं तर गुणही जाईल, या भीतीनं रुग्ण आग सोसत बसतात म्हणून. पॅनिटुमुमॅब या त्याच जातीच्या औषधाच्या स्टेप चाचणीत आधीपासून मलमं आणि डॉक्सिसायक्लिन दिल्यावर त्वचेचा मध्यम ते तीव्र त्रास ६२ वरून २९ टक्क्यांवर आला; औषधाचा गुण घटल्याचं दिसलं नाही.

पुरळ आणि आयुष्य यांचा संबंधच नाही, असं आम्ही म्हणत नाही. पण औषध सुरू करताना जनुक तपासणी बघावी, पुढे चालू ठेवताना स्कॅन बघावा. पुरळ न आलेल्यानं धीर सोडू नये, आणि आलेल्यानं मलम जरूर मागून घ्यावं.