अहमदाबादच्या प्रयोगाचा पुनर्विचार

कामाची वाटणी, वेतनश्रेणी आणि देखरेख यांचा कामगारसंघाच्या कार्यक्षमतेवर काय परिणाम होतो, याची चर्चा निघाली की अहमदाबादच्या कॅलिको मिलमधील प्रयोगाचा दाखला हटकून दिला जातो. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली तो आरंभिला. त्याचा वृत्तान्त १९५८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

नवे स्वयंचलित माग येऊनही तेथील उत्पादन अपेक्षेइतके वाढले नव्हते. २२४ मागांवर २९ कामगार बारा प्रकारची कामे सुटी सुटी करीत. कोणी तुटलेले धागे सांधी, कोणी कांड्या भरी. परंतु अमुक माग आपला, असे कोणासच म्हणता येत नसे. राइस यांनी ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी लहान संघांकडे सोपविण्याचे सुचविले. हे संघ कामगारांनी आपसांतच जमविले. पुढे कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली व सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले.

या यशाचे श्रेय केवळ संघरचनेस देणे मात्र घाईचे होईल. कामांच्या श्रेणी घटल्या, देखरेखीची रीत पालटली, व्यवस्थापनाचे लक्ष त्या खात्याकडे वेधले गेले. हे सारे जवळजवळ एकाच वेळी घडले. यांपैकी कशाचा वाटा किती, हे वरील आकड्यांवरून निवडून काढता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. १९७० साली एरिक मिलर यांनी त्याच गिरणीची पुन्हा पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९७५ साली प्रसिद्ध झाले. एका ठिकाणी संघपद्धती व तिची कार्यक्षमता बहुतांशी टिकून होती; अन्यत्र मात्र जुन्या, व्यक्तिगत वाटणीकडे वळण लागले होते. गिरणी एकच, मूळ कल्पनाही एकच. तरी फळे निराळी निघाली. तेव्हा संघाची घडण हे कार्यक्षमतेचे पुरेसे कारण नव्हे, असाच निष्कर्ष निघतो. सुताचा पुरवठा, कापडाच्या प्रकारांतील फेरबदल, उत्पादनाची घाई हे ताण संघाच्या हाती नसतात. ते आवरणे हे व्यवस्थापनाचेच काम होय. ते न करता संघास स्वायत्त म्हणणे म्हणजे अधिकार न देता दोष तेवढा त्याच्या माथी मारणे होय.

म्हणून अशा प्रयोगांचे मोल ठरविताना पहिल्या काही महिन्यांचे आकडे पुरेसे मानू नयेत. संशोधक निघून गेल्यावर ती व्यवस्था कोणी व कशी सांभाळली, हा प्रश्न अभ्यासकाने आधी विचारला पाहिजे.