जीलिबसी २.३४ सापडली नाही

परीक्षण एकाच ओळीचे आहे, कारण कलाकृती एवढीच. भाच्याने पुण्यात नव्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम कम्पाइल केला, म्हणजे माणसाची लिखावट यंत्राच्या भाषेत उतरवली, आणि मालवणात आमच्या उबुंटू २०.०४ वर लावला. पडद्यावर उमटले: 'जीलिबसी २.३४ सापडली नाही.'

ओळ खोटी नाही. जीलिबसी ही लिनक्सची सामाईक लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, फाईल उघडणे, अक्षरे छापणे असल्या कामांची. आमची २.३१. तिच्या प्रत्येक कामावर आवृत्तीचा शिक्का असतो. जुने शिक्के नवी लायब्ररी इमानाने वटवते. नवे शिक्के जुनीने कुठून वटवावेत? त्यात २०२१ च्या २.३४ मध्ये प्रोग्रॅम सुरू करण्याच्या कामावरच नवा शिक्का बसला. मग नुसते 'नमस्कार' छापणारा प्रोग्रॅमही तीच मागतो!

तक्रार शैलीबद्दल आहे. आमच्या बँकेत चेक परत गेला तरी त्यावरून पुढे काय करायचे ते गिऱ्हाइकाला कळते. इथे वाचणारा समजतो, मशीन म्हातारी झाली, आणि धडधाकट यंत्र माळ्यावर जाते.

"मामानू, नवी लायब्ररी घालूया?" भाचा म्हणाला. घाल बाबा! अख्खी सिस्टीम जिच्यावर उभी, ती वासा ओढावा तशी ओढ! अरे, ज्याच्याकडे पाठवायचे त्याच्या आवृत्तीवर कम्पाइल करावे. गिऱ्हाइके अनेक असतील तर त्यांतल्या सर्वांत जुनीवर. पायथॉनवाल्यांनी 'मेनीलिनक्स२०१४' साठी २.१७ धरली ती याच हिशेबाने.

भाच्याने पुण्यातच उबुंटू २०.०४ चा कंटेनर उघडून पुन्हा कम्पाइल केले. चालला. मशीन तीच.