नाट्यपदांचे पुनर्गायन

नाटकातील विशिष्ट प्रसंगासाठी रचलेले पद त्या नाटकाबाहेर, मैफलीत किंवा ध्वनिमुद्रिकेवर, दुसऱ्या गायकाने स्वतःच्या समजुतीनुसार गाणे म्हणजे नाट्यपदाचे पुनर्गायन होय. मराठीत ही प्रथा चांगलीच रूढ आहे. तथापि तिचा विचार सामान्यतः नाट्यसंगीताच्या इतिहासातील एक उपप्रकरण म्हणून केला जातो. वास्तविक एखादे पद लोकप्रिय होते ते प्रयोगात, परंतु ते अभिजात ठरते ते पुनर्गायनात. मूळ गायक, मूळ पात्र आणि मूळ वेशभूषा दूर झाल्यावरही जे पद नव्या गळ्यातून नवा अर्थ देऊ शकते, तेच टिकले असे म्हणता येते. प्रेमविषयक पदांच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठीण असते. कारण त्यांतील भावना फार परिचित असून गायकाला शब्दांच्या नावीन्याचा आधार मिळत नाही.

ह्या संदर्भात अमेरिकेतील जॅझ गायनाशी तुलना उद्बोधक ठरते. जॅझचा उगम आफ्रिकी-अमेरिकन समाजात झाला. पण त्याच्या गायकांनी आपली पुष्कळशी प्रेमगीते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरून आणि बोलपटांतून उचलली. जॉर्ज गर्श्विन, अर्व्हिंग बर्लिन, जेरोम कर्न, कोल पोर्टर आदी रचनाकारांची ही गीते मूळ कथानके विस्मरणात गेल्यावरही शेकडो गायक-वादकांनी आपापल्या परीने मांडली. अशा गीताला तेथे ‘स्टँडर्ड’ म्हणतात. मराठीत त्याला प्रमाणगीत म्हणता येईल. एला फिट्सजेराल्ड (१९१७–९६) आणि लुई आर्मस्ट्राँग (१९०१–७१) यांची एला अँड लुई (१९५६) ही दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रमाणगीतांच्या गायनाचा आदर्श मानली जाते. तीत ११ गीते आहेत. त्यांपैकी चार गीते फ्रेड अस्टेअर ह्या नर्तक-नटाच्या टॉप हॅट (१९३५) व १९३७ मधील दोन बोलपटांतून आलेली आहेत. म्हणजे श्रोत्यांना ती आधीच तोंडपाठ होती. साथीला ऑस्कर पीटर्सन याचा पियानो, हर्ब एलिसची गिटार, रे ब्राउनचा बास आणि बडी रिच याचे ड्रम एवढाच सरंजाम आहे. मोठा वाद्यवृंद नाही.

ह्या मुद्रिकेचे सामर्थ्य दोन आवाजांच्या विरोधात आहे. एलाचा आवाज निर्मळ, गोल व सुरेल. लुईचा खरखरीत, घोगरा, रूढ अर्थाने गाण्यास अयोग्यच. एकच गीत दोघे आळीपाळीने गातात, आणि तेच शब्द एकदा तरुणीच्या तर एकदा आयुष्य पाहिलेल्या माणसाच्या तोंडी आल्यासारखे वाटतात. लुई तालाच्या किंचित मागे राहून, बोलल्यासारखे शब्द टाकतो. एला मूळ चालीला फारसा धक्का न लावता एखाद्या स्वराचे वजन तेवढे बदलते. दोघांचीही ‘स्कॅट’ गायनावर, म्हणजे आपल्या तराण्याप्रमाणे निरर्थक अक्षरांच्या गायनावर, हुकमत होती. परंतु येथे तिचे प्रदर्शन नाही. गीताला मोठे करण्यासाठी गायकाने स्वतः थोडे मागे सरावे लागते, हे दोघांनी जाणले होते. ह्या मुद्रिकेत उणीव असलीच तर ती एकसुरीपणाची होय: संथ गीतांची संख्या जास्त असल्यामुळे ती एका बैठकीत ऐकताना उत्तरार्धात लक्ष ढळते.

मराठीत ह्या तोडीची परंपरा बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) पदांभोवती निर्माण झाली. कृ. प्र. खाडिलकरांच्या स्वयंवर (१९१६) नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चाली मुळात ख्यालगायकीतील बंदिशींच्या मुशीतून घडलेल्या होत्या. त्यामुळे रुक्मिणीचे यमनमधील ‘नाथ हा माझा’ किंवा बिहागमधील ‘मम आत्मा गमला’ ही पदे नाटकात शोभत असतानाच मैफलीतही सहज मिसळत होती. बालगंधर्वांच्या गायनाचे खरे रहस्य त्यांच्या लयीत होते. शब्द तालाच्या ठोक्यावर न आदळता त्याला चाटून जाई, आणि तरीही सम अचूक साधे. लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्याशी त्यांचे ह्या एका बाबतीत विलक्षण साम्य आहे. दोघांनी एकमेकांना ऐकल्याचा संभव नाही. तरीपण १९३५ हे वर्ष गंमतीदार आहे. त्या वर्षी टॉप हॅट प्रदर्शित झाला, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा आफ्रिकी-अमेरिकन जॅझ वाद्यवृंद वाजू लागला, आणि बालगंधर्व प्रभात कंपनीच्या धर्मात्मा चित्रपटात संत एकनाथांच्या भूमिकेत उतरले.

बालगंधर्वांची नक्कल करणारे गायक पुष्कळ झाले. त्यांचे पुनर्गायन करणारे थोडे. ह्या थोड्यांत कुमार गंधर्वांचे (१९२४–९२) स्थान सर्वोच्च आहे. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ह्या त्यांच्या कार्यक्रमाच्या व ध्वनिमुद्रिकेच्या नावातच भूमिका स्पष्ट होते: येथे बालगंधर्व नाहीत, त्यांच्याविषयीचे एका गायकाचे आकलन आहे. क्षयरोगामुळे एक फुप्फुस निकामी झालेल्या कुमारांचा दमसास बालगंधर्वांसारखा असणे शक्य नव्हते. त्यांनी लांब, अखंड स्वरवाक्यांऐवजी तुटक, टोकदार, मध्येच शांततेची जागा सोडणारी मांडणी केली. जुन्या रसिकांपैकी काहींना ती रुचली नाही, आणि त्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. बालगंधर्वांच्या गाण्यातील लडिवाळपणा कुमारांकडे कमी आहे. पण प्रौढ पुरुषाने रुक्मिणीचे पद नटीचा आविर्भाव न आणता गायिले, आणि तरीही ते प्रेमाचेच गाणे राहिले, ही घटना महत्त्वाची आहे. पद पात्रापासून सुटले, तेव्हाच ते प्रमाणगीत झाले.

संगीत नाटकाच्या १९६० नंतरच्या पुनरुज्जीवनात ह्या प्रश्नाला वेगळे वळण लागले, आणि त्यात नासिक येथील दोन नाटककारांचा वाटा मोठा आहे. वसंत कानेटकर (१९२२–२००१) यांचे मत्स्यगंधा (१९६४) आणि वि. वा. शिरवाडकर (१९१२–९९) यांचे ययाति आणि देवयानी (१९६६) ही दोन्ही नाटके धि गोवा हिंदु असोसिएशनने मुंबईत रंगभूमीवर आणली. दोहोंचे संगीत मंगेशी (गोवा) येथील जितेंद्र अभिषेकी (१९२९–९८) यांचे होते आणि प्रमुख गायक-नट रामदास कामत (१९३१–२०२२) हेही गोमंतकीयच. शब्द नासिकचे, स्वर गोव्याचे आणि रंगमंच मुंबईचा, असा हा योग होता.

अभिषेकींनी पद आटोपशीर केले. वन्समोअरच्या आशेने रात्रभर लांबणारा प्रयोग नव्या प्रेक्षकाला परवडणारा नव्हता, हे एक कारण. दुसरे अधिक मूलगामी कारण असे, की त्यांना कवितेचा शब्द हवा होता. मत्स्यगंधामध्ये बालकवींची (१८९०–१९१८) ‘गर्द सभोंवती रान’ ही कविता आशालता वाबगावकर (१९४१–२०२०) यांच्या तोंडी आली. तिची चाल शब्दांच्या चढउताराला इतकी बिलगून जाते, की तिच्यात आलाप-तानांना जागाच उरत नाही. ययाति आणि देवयानीमधील ‘यतिमन मम’ सारखे पद रागदारीच्या अधिक जवळचे आहे. तरी तेथेही पदाची लांबी प्रसंगाच्या लांबीने ठरते. शिरवाडकर मुळात कवी असल्याने त्यांच्या पदांत प्रतिमा दाट आहेत, आणि दाट प्रतिमेची ओळ गायकाने चार वेळा उलगडली तर ती पातळ होते. अभिषेकींनी हे ओळखले, ही त्यांची मोठी समज होय.

ह्या यशाची किंमतही द्यावी लागली. चाल, शब्द व वाद्यमेळ इतके एकजीव झाले, की पुढील गायकाला त्यांत शिरण्यास फट राहिली नाही. ह्या दोन नाटकांतील पदे महाराष्ट्रात सर्वत्र गायिली जातात, स्पर्धांत तर हटकून. परंतु बहुधा ती ध्वनिमुद्रिकेबरहुकूम, मूळ गायकाच्या मुरकीसह आणि मधल्या वाद्यखंडासह गायिली जातात. ह्याला पुनर्गायन म्हणता येत नाही. ती पुनरावृत्ती आहे. दोष केवळ गायकांचा नाही. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे ती पदाची केवळ रूपरेषा आहे, हे ऐकणाऱ्याला माहीत असे. उरलेले पद रंगमंचावर किंवा मैफलीत शोधावे लागे. अभिषेकींचे पद मात्र तबकडीवर पूर्ण मावते. तबकडी हीच संहिता बनली, आणि संहितेत बदल करणे श्रोत्यांना अपराध वाटू लागला.

कानेटकरांच्याच लेकुरे उदंड झाली (१९६६) ह्या नाटकातील बोलण्याकडे झुकणारी, पाश्चात्त्य वळणाची गीते अमेरिकन संगीतिकेच्या सर्वांत जवळ येतात. पण मैफलीने ती फारशी स्वीकारली नाहीत. उलट ययाति आणि देवयानीमधील ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ ही प्रार्थना नाटकाची ओळख नसलेल्यांच्याही कंठी बसली आहे. प्रेमपदांना मात्र अद्याप असा सुटा संसार लाभलेला नाही. वाद्यमेळ बाजूस ठेवून, केवळ तबला-संवादिनीवर, लय थोडी उतरवून ही पदे मांडली, तर शिरवाडकरांच्या शब्दांना नवा अवकाश मिळू शकतो. मत्स्यगंधामधील पराशराची पदे तर दोन भिन्न वयांच्या आवाजांत वाटून गाण्यासारखी आहेत.