वेदनेचा अर्थ कोणीं लावावा?

भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरील भार्गवी दावर यांचें इंग्रजी पुस्तक 1999 सालीं निघालें. आमच्या शहरांत, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादेंत, त्याची चर्चा झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. त्याच वर्षीं बाईंनीं पुण्यास 'बापू ट्रस्ट' स्थापिला. बापू हें त्यांच्या आईचें नांव. या माउलीला मनोरुग्णालयांत दिवस काढावे लागले होते. तें बालपणीं पाहिलेली मुलगी पुढें तत्त्वज्ञानाची पंडिता होऊन संशोधकांचे आंकडे तपासते, तेव्हां त्या तपासणीला निराळीच धार येते. जी स्त्री इस्पितळापर्यंत पोंचलीच नाहीं ती इस्पितळाच्या हिशेबांतून गळते, हें त्यांना कोणी शिकवावें लागलें नसेल. गंभीर विकारांत स्त्रीपुरुषांत मोठी तफावत नाहीं, खिन्नता व चिंता यांत मात्र स्त्रियांचें प्रमाण अधिक, हें सांगून त्या त्याचें कारण स्त्रीच्या देहापेक्षां तिच्या संसारांत शोधतात.

आमची तक्रार निराळी आहे. पुस्तक मुख्यतः छापील संशोधनाचेंच फेरवाचन करतें. दुखणें भोगलेल्या स्त्रिया त्यांत पुराव्यादाखल येतात, परीक्षकाच्या आसनावर दिसत नाहींत. बिघडलेल्या मनाच्या निवाड्यावर भिस्त कशी ठेवावी, असें कोणी विचारील. (नोंद करणाऱ्याचें मन शाबूत असल्याचा दाखला तरी कोणीं मागितला आहे?) 2017 च्या कायद्यानें मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर अशा व्यक्तींना जागा दिली, संशोधकाच्या मेजापाशीं ती क्वचितच मिळते. दावरबाई 2024 सालीं निवर्तल्या. त्यांनीं तपासलेल्या निष्कर्षांपैकीं किती निष्कर्ष, ज्यांच्याविषयीं ते होते त्यांना कधीं वाचून दाखविले गेले, हें पुस्तकावरून आम्हांस उमगलें नाहीं.