प्रयोगशाळेतला पाहुणा

संस्था कशी चालते हे नुसत्या प्रश्नावलीने कळत नाही. तेथे मुक्काम ठोकावा लागतो. फ्रेंच अभ्यासक ब्रूनो लातूर १९७५ ते १९७७ या काळात कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत, रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत, असे राहिले. स्टीव्ह वूलगर यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘लॅबोरेटरी लाइफ’ १९७९ साली निघाले. नोंदी, वाद, खाडाखोड केलेले मसुदे, सारे त्यात आहे. आमच्या शोधनिबंधांतून नेमके हेच गाळलेले असते. पण तथ्ये प्रयोगशाळेत ‘घडवली’ जातात, हा निष्कर्ष आम्हांला पटत नाही. टीआरएफ या संप्रेरकाची रचना गिलमँ आणि त्यांचे प्रतिस्पर्धी शॅली या दोघांनाही १९६९ साली सारखीच मिळाली. मग ती केवळ वाटाघाटींतून ठरली कशी म्हणावी? आपल्या शाळेचा कारभार न्याहाळताना शिक्षकांनी लातूर यांची चिकाटी घ्यावी. निष्कर्ष मात्र पारखून घ्यावा.