परक्या जमिनीतले पीक : अब्दुल करीम खाँ यांची नाट्यपदे

मराठी नाट्यसंगीताचा विषय निघाला की बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ ही नावे ओळीने येतात. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव आले तर किराणा घराण्याचे प्रवर्तक म्हणून, सवाई गंधर्वांचे गुरू म्हणून किंवा हिराबाई बडोदेकरांचे वडील म्हणून येते. खाँसाहेबांनी स्वतः मराठी नाट्यपदे गायिली, त्यांच्या तबकड्या निघाल्या आणि त्या आजही ऐकायला मिळतात, याची नोंद एखाद्या वाक्यात उरकली जाते. आपल्या मुस्लिम मराठी लेखनात याच्या उलट घडते. तिथे ही नोंद ठळकपणे होते, पण यादीत होते. संतकवी शेख महंमद, शाहीर अमर शेख, अब्दुल करीम खाँ अशी नावे एकापुढे एक मांडली जातात आणि 'मुसलमान असूनही मराठीची सेवा केली' असा शेरा मारून लेखणी खाली ठेवली जाते. या 'असूनही' शब्दात कौतुक आहे तसा संशयही आहे. बाहेरच्यांनी तो वापरला तर आपल्याला बोचतो. आपण स्वतःच वापरतो तेव्हा मात्र लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट राहून जाते. खाँसाहेबांनी त्या पदांचे केले काय, हे कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात आम्हाला तेवढेच विचारायचे आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे उर्दू काव्यशास्त्रातला एक शब्द इथे आणतो. दुसऱ्या शायराचे वृत्त, काफिया आणि रदीफ घेऊन नवी गझल लिहिली, तर ती त्या शायराच्या 'जमिनीत' लिहिली असे आपण म्हणतो. तरही मुशायऱ्यात एकच मिसरा सर्वांना दिला जातो आणि प्रत्येक जण त्यावर आपली गझल बांधून आणतो. यात कोणाला चोरी दिसत नाही, कमीपणाही वाटत नाही. ऐकणारा एवढेच पाहतो की जमीन दुसऱ्याची असली तरी पीक या शायराचे स्वतःचे आहे काय. मात्र एक अट असते. काफिया-रदीफ मोडून चालत नाही. जमीन ओळखू आली पाहिजे आणि पीक नवे निघाले पाहिजे. आमच्या मते, एका गायकाने गाजवलेले गाणे दुसऱ्याने गायिले तर त्यालाही हाच निकष लावावा.

आता मूळ जमीन पाहू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' किर्लोस्कर नाटक मंडळीने १९११ साली रंगभूमीवर आणले. पदांना चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. श्रीमंताची मुलगी भामिनी गरीब पण शूर सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे त्याच्याच प्रेमात पडते, एवढे कथानक आपल्या वाचकांना पुरे. नाटकाची लोकप्रियता एवढी की १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नायकांनी मिळून त्याचा 'संयुक्त' प्रयोग केला. पुढे बळवंत संगीत मंडळीत दीनानाथांनी धैर्यधर उभा केला आणि त्यातली पदे स्वतःच्या आक्रमक गायकीत नव्याने घडवली. 'प्रेम सेवा शरण' हे पद भीमपलासात बांधलेले होते. दीनानाथांनी ते मुलतानीत नेले. म्हणजे या पदांना अनेक धनी लाभत गेले आणि कोणी कोणावर दावा ठोकला नाही.

याच नाटकातली 'चंद्रिका ही जणू' आणि 'प्रेम सेवा शरण' ही पदे खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रित केली. तेव्हा १९३० चे दशक अर्धे सरत आले होते आणि खाँसाहेबांनी साठी ओलांडली होती. १८७२ साली कैराना येथे जन्मलेला हा गवई बडोदा दरबारातून महाराष्ट्राकडे वळला, पुण्यात १९१३ साली आर्य संगीत विद्यालय काढले आणि अखेर मिरजेला स्थिरावला. १९२२ साली पत्नी ताराबाई माने मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ती मुले, म्हणजे सुरेशबाबू, हिराबाई आणि त्यांची भावंडे, पुढे नाटकाच्या क्षेत्रातही उतरली. शिष्य सवाई गंधर्व तर रंगभूमीवर गाजलेलेच होते. रंगमंचाचे गाणे असे खाँसाहेबांच्या आसपास सतत होते, पण ते स्वतः नट नव्हते. ख्याल-ठुमरी गाणारा हा बैठकीचा माणूस. त्याने उतारवयात नाटकातली पदे हाती घेतली, तेव्हा त्या काळच्या तबकडीने एका बाजूला दिली ती जेमतेम तीन मिनिटे.

या तीन मिनिटांत प्रथम जाणवते ते काय गाळले आहे. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवणारी फेक इथे नाही. टाळी घेण्यासाठी थांबणे नाही, 'वन्स मोअर'ची वाट पाहणे नाही. बारीक, किंचित सानुनासिक, वरच्या पट्टीतला आवाज सुराला चिकटून राहतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेने घसरत जातो. 'चंद्रिका ही जणू' ते देवगंधारात गातात. नाटकात हे पद प्रसंगाच्या आधाराने उभे असते. तबकडीवर ना प्रसंग आहे, ना समोर नायिका. तरी पद कोसळत नाही, कारण त्याला रागाचा कणा मिळाला आहे.

'प्रेम सेवा शरण' मध्ये फरक अधिक खोल आहे. प्रेम, सेवा आणि शरणागती यांनी मन जिंकता येते, असा पदाचा आशय. दीनानाथांच्या तोंडी हे शब्द ऐकताना शरण जाणाऱ्याच्या कमरेला तलवार आहे हे आपण विसरत नाही. खाँसाहेबांच्या भीमपलासात ती तलवार कोणीतरी उतरवून ठेवलेली असते. उरतो तो एक वृद्ध फकिरी वृत्तीचा माणूस, ज्याला शरण या शब्दाचा अर्थ दरबारात नव्हे तर दर्ग्याच्या पायरीवर कळला आहे. आमच्या वर्गात आम्ही ही तबकडी मोबाइलवर ऐकवली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, ये मराठी है? हमें तो उरुस का गाना लगा." मुलाला नाटक ठाऊक नव्हते, खाडिलकर ठाऊक नव्हते, पण या गायनाचे मर्म त्याला बरोबर लागले.

याच जातीचे एक उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या कापूस वेचणाऱ्या कुटुंबात वाढलेला जॉनी कॅश हा तिकडच्या 'कंट्री' म्हणजे गावाकडच्या ढंगाचा बुजुर्ग गायक. आपल्या बीडच्या माणसाला कापसाची ओळख वेगळी करून द्यायला नको. १९९४ पासून रिक रुबिन या निर्मात्याबरोबर त्याने तरुण रॉक गायकांची गाणीही आपल्या जाड, थकलेल्या आवाजात गायला सुरुवात केली. २००२ साली त्याने 'हर्ट' गायिले. हे गाणे ट्रेंट रेझनर या विशीतल्या तरुणाने आत्मनाशाच्या भरात लिहिले होते. कॅश तेव्हा सत्तरीचा आणि आजारी होता. पुढच्याच वर्षी तो वारला. मूळ गीतातला एक शिवराळ शब्द काढून त्याने तिथे येशूच्या यातनांची आठवण देणारा शब्द ठेवला, आणि तरुणाचा त्रागा म्हाताऱ्याचा हिशेब झाला. गाणे आता आपले राहिले नाही, अशी कबुली खुद्द रेझनरने दिली. खाँसाहेब आणि कॅश यांच्या गाण्यात कसलेच साम्य नाही. साम्य आहे ते दोघांच्या धाडसात. आयुष्यभराची कमाई पाठीशी असताना त्यांनी दुसऱ्याच्या गाण्यापाशी जाऊन ते आपल्या वयाने आणि आपल्या अनुभवाने तोलले.

मात्र निकष लावायचा तर तो पुरता लावला पाहिजे. कॅशने गाण्याचा शब्द न् शब्द ऐकणाऱ्याच्या पदरात टाकला. खाँसाहेबांच्या पदांत काही ठिकाणी शब्द सुरात विरघळतात, अक्षरे ओढली जातात, अर्थाचा धागा सुटतो. ज्याला पद आधीच पाठ नाही त्याला ओळ कळत नाही. हे वैगुण्य आहे, आणि ते परप्रांतीय जिभेच्या माथी मारून किंवा घराण्याचे वैशिष्ट्य म्हणून झाकता येणार नाही. गझलेच्या भाषेत सांगायचे तर कुठे कुठे रदीफ निसटला आहे. धैर्यधराचा ताठाही इथे हरवतो, आणि खाडिलकरांना तो ताठा निश्चित हवा होता. तरीही या बाबतीत आम्ही खाँसाहेबांच्या बाजूने कौल देतो. पात्राचा ताठा नाटकाची गरज होती. नाटकाबाहेर पद जगवायचे, तर त्याला दुसरा कोणता तरी प्राण द्यावा लागतो, आणि तो त्यांनी दिला.

आम्ही राहतो त्या नारायणगडाच्या पंचक्रोशीत हा विचार कोणाला नवा वाटणार नाही. गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. तिथे येणाऱ्या दिंड्यांत एकच अभंग दर भजनी मंडळाच्या वेगळ्या चालीत ऐकू येतो. काही चाली काळजाला हात घालतात. काही सरळ सिनेमाच्या गाण्यावरून उचललेल्या असतात, आणि अभंग चालू असताना डोळ्यांसमोर नट-नटी येतात. आपल्याकडच्या कव्वालीच्या कार्यक्रमांतही हेच होते. चाल बदलणे सोपे आहे. चाल बदलल्यावर त्या शब्दांना आपण काय दिले, हा प्रश्न अवघड आहे. ठेका वाढवला आणि वाद्ये चढवली म्हणजे गाणे नवे होत नाही.

खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना गेले. मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. त्यांना आदरांजली वाहणारे पुष्कळ आहेत. त्यांनी मराठीवर उपकार केले नाहीत की मराठीने त्यांना आसरा दिला नाही. एका मोठ्या गवयाला या भाषेत कसदार जमीन दिसली आणि त्याने ती कसली. कसणाऱ्याला पिकाबद्दल प्रश्न विचारावेत, जातकुळीबद्दल नव्हे. मराठीत लिहिणाऱ्या आपणा सर्वांना हेच हवे आहे. मग आपल्या बुजुर्गांनाही ते आपण दिले पाहिजे. वाचकांनी एकदा दीनानाथांचे आणि खाँसाहेबांचे 'प्रेम सेवा शरण' एकापाठोपाठ ऐकावे. आमचा कौल पटला नाही तरी हरकत नाही. ऐकून मग नाकारावा, एवढीच विनंती.