सिंफनी लहान करताना काय राखायचं?

टायटन घड्याळाच्या जाहिरातीची धून आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. ती मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतली. १७७३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी त्याने ती लिहिली. ‘छाया’ (१९६१) चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांनी गायलेलं एक युगुलगीत आहे. सलील चौधरींनी त्याचा मुखडा मोझार्टच्याच चाळिसाव्या सिंफनीवरून बांधला. म्हणजे सिंफनी आपल्या घरात आली ती लहान होऊनच. ती लहान करावी की नाही, हा वाद आता शिळा झाला. लहान करताना काय टाकायचं आणि काय राखायचं, याचा विचार आज आपण करू.

तळवड्यात हा प्रश्न हौसेपुरता नाही. इथे सिंफनी ऑर्केस्ट्रा नाही. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ आहे, पण दुसरी पाळी संपवून तिकडे कोण जाणार? उलट या पट्ट्यात व्हायोलिन शिकणारी मुलं आहेत, सिंथेसायझर आहेत, आणि देहू शेजारीच असल्यामुळे पेटी-पखवाजाला तर तोटा नाही. या मंडळींनी मोझार्ट वाजवायचा म्हटला तर तो मोझार्ट राहील का?

आधी तत्त्वज्ञानातली अडचण सांगतो. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६८ मध्ये फार कडक निकष मांडला: स्वरलेखनाशी तंतोतंत जुळेल तेच त्या कृतीचं वादन, एक सूर चुकला तरी ती कृती वाजलीच नाही. या हिशेबाने पाच जणांची सिंफनी बादच होते. आम्हांला इथे वेदान्तातली भागत्यागलक्षणा अधिक उपयोगी वाटते. ‘हा तोच देवदत्त’ असं आपण म्हणतो, तेव्हा तेव्हाचा काळ-ठिकाण आणि आत्ताचा काळ-ठिकाण असे दोन्ही परस्परविरोधी भाग सोडून देतो, आणि माणूस तेवढा धरतो. चांगला संयोजक हेच करतो. म्हणून प्रत्येक संयोजन ही मूळ कृतीची एक समीक्षाच असते. त्याने काय टाकलं ते बघा, म्हणजे त्याच्या मते कृती कशात आहे ते कळतं.

ग्रामोफोनच्या आधी युरोपातही बहुतेक रसिकांना सिंफनी अशीच भेटत होती. हायडनच्या बारा लंडन सिंफनी सालोमन या व्हायोलिनवादकाने बासरी, चार तंतुवाद्यं आणि लागल्यास पियानो, एवढ्यांसाठी उतरवल्या. हुमेलने मोझार्ट आणि बेथोव्हेनच्या सिंफनी चौघांच्या मापात बसवल्या. याकडे घरगुती गरज म्हणून बघितलं जाई. तिचा गंभीर प्रयोग झाला तो व्हिएन्नात. १९१८ मध्ये शोनबर्गने खाजगी संगीत-सादरीकरणासाठी एक संस्था काढली. तिथे टाळ्यांना बंदी होती आणि समीक्षकांना प्रवेश नव्हता. आमच्यासारख्यांना बाहेरच बसावं लागलं असतं. वाद्यवृंद परवडत नसे, म्हणून मोठ्या कृती मोजक्या वादकांवर आणल्या जात. १९२१ मध्ये एर्विन श्टाइनने मालरची चौथी सिंफनी अशी उतरवली: पाच तंतुवाद्यं, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, पियानो, थोडी तालवाद्यं, एक गायिका आणि हार्मोनियम.

हो, हार्मोनियम! आपल्या मांडीजवळच्या पेटीपेक्षा मोठा, पायाने भाता चालवायचा. बालगंधर्वांच्या नाटकांतल्या ऑर्गनचा भाऊबंद म्हणा. तो तिथे का? पियानोचा सूर वाजताक्षणी विरू लागतो, भात्याचा सूर हवा असेपर्यंत टिकतो. हॉर्न आणि इतर फुंकवाद्यांनी धरून ठेवलेले स्वर गेले, तर मालरच्या संगीताची जमीनच जाते. ती जमीन हार्मोनियम धरतो. नाटकातला ऑर्गन गाणाऱ्याच्या पाठीशी सूर भरून धरत असे, ते आठवा.

आता या कामाचं मूल्यमापन. श्टाइनच्या रूपात पहिला भाग आमच्या मते मूळापेक्षाही स्वच्छ ऐकू येतो. मालर एकच धून या वाद्याकडून त्या वाद्याकडे सतत हवाली करत असतो. ती देवघेव बारा-तेरा जणांत उघडी पडते. दुसऱ्या भागात एक व्हायोलिन मुद्दाम एक पूर्ण सूर चढवून लावलेलं असतं, मृत्यूच्या सारंगीसारखं. ते मुळातच एकट्याचं, त्यामुळे तिथे काही हरवत नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी मात्र सगळा वाद्यवृंद एकदम उसळतो, स्वर्गाचं दार उघडावं तसा. तिथे श्टाइन हरतो. पियानो आणि हार्मोनियम शिकस्त करतात, पण दार किलकिलं होतं इतकंच.

का हरतो? निव्वळ आवाज कमी म्हणून नव्हे. सोळा व्हायोलिनं एका व्हायोलिनपेक्षा सुमारे १२ डेसिबलनेच मोठी वाजतात. पण सोळा जणांच्या सुरांत केसाएवढे फरक असतात आणि त्यातून कुणा एकाचा नसलेला, समूहाचा असा सूर तयार होतो. यावरून आम्ही एक कसोटी सुचवतो. प्रत्येक जागेला विचारा: तू नात्यावर उभी आहेस की समूहावर? नात्यावरच्या जागा पाच जणांत टिकतात. समूहावरच्या टिकत नाहीत, आणि तिथे सिंथेसायझरचं ‘स्ट्रिंग्ज’चं बटण दाबून समूहाचं सोंग आणू नये. आपल्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात हे सोंग चालून जातं, कारण तिथे श्रोत्याला ओळखीच्या गाण्याची आठवण हवी असते. सिंफनी पहिल्यांदाच ऐकणाऱ्याजवळ तशी आठवण नसते. त्याला सोंगच खरं वाटेल.

ही कसोटी चाळिसाव्या सिंफनीला लावू. १७८८ ची ही रचना लहान संचाला सोयीची आहे. तिच्यात ट्रंपेट नाहीत, नगारे नाहीत, आणि क्लॅरिनेट घालून मोझार्टनेच तिचं दुसरं रूप केलं. म्हणजे वाद्यांचा संच त्यालाही अटळ वाटत नव्हता. सुरुवातीला आधी व्हायोलांची अस्वस्थ चुळबुळ येते आणि मग त्यावर ती प्रसिद्ध धून. पुढे दुसरी धून येते ती मेजरमध्ये, मोकळ्या हवेसारखी. शेवटाकडे तीच धून परत येते, पण मायनरमध्ये, कोमल गंधाराची सावली घेऊन. सुटका झाली असं वाटलेलं माणूस पुन्हा त्याच खोलीत सापडावं, तसं होतं. सलीलदांच्या गाण्यात मुखडा आहे, हा प्रवास नाही. गाणं म्हणून ते सुंदरच आहे, पण त्याला लहान केलेली सिंफनी म्हणता येणार नाही. आणि गंमत बघा, या प्रवासाला चाळीस वादक लागतच नाहीत. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो आणि एक पेटी, एवढ्यांत तो पुरा होतो.

देहूच्या वाटेवरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दिंडीतलं भजन घरी चौघांत होतं, तेव्हा टाळ कमी होतात. पण एकाने चरण टाकला की तो उचलणारा दुसरा लागतोच. उचलणाराच गाळला तर भजन होत नाही, मागे नुसतं गाणं उरतं.

तेव्हा इथल्या तरुण वादकांना आमचं सांगणं एवढंच. चाळिसावी घ्या, पण प्रसिद्ध धुनेपासून वाटणी करू नका. आधी व्हायोलांची चुळबुळ कोण वाजवणार ते ठरवा, मग मायनरमध्ये परतणारी दुसरी धून कुणाच्या हाती द्यायची ते. मुख्य धून शेवटी वाटा. ती वाजवायला कुणी ना कुणी तयार असतंच.